जीपखालचं मांजर

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत गुलाब मेश्राम राहतात. त्यांना सगळे मामा म्हणतात. रक्ताच्या नात्याने ते एकाचेच मामा होते, धाकटी बहीण भागीरथा हिच्या अश्विनचे. बाकीचे भाचे त्यांना गाड्यांपायी मिळाले. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली, की तो आधी मामांच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, “मामा, एक गाडी पाहाले चालता का?” मग मामा पायजमा बदलून पँट चढवायचे, वरच्या खिशात दहा-अकराचा पाना खोचायचे आणि निघायचे. मोबदला काही घेत नसत. चहा चालायचा, आणि कोणी जेवायला बसवलंच तर तेवढ्यापुरतं नाही म्हणून मग बसायचे.

पाटबंधाऱ्याच्या कामावर त्यांनी एकतीस वर्षं जीप चालवली होती. साहेब लोकांना तळ्यांच्या पाळी दाखवायच्या, कालव्यांच्या कडेने न्यायचं, रस्ता नाही तिथे घालायची आणि साहेबाच्या बुटाला चिखल न लागता परत आणायची, असली ती नोकरी. अनेक साहेब आले आणि बदलून गेले, जीपही तीनदा बदलली. मामा तेवढे तिथेच राहिले, आणि गाडीच्या पोटात काय दुखतं ते त्यांना बाहेरूनच कळायला लागलं.

त्यांच्या पाहण्याला क्रम होता. पोचल्याबरोबर आधी बॉनेटवर तळहात. गरम लागलं की मालकाकडे बघून हसायचे. म्हणजे आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवली, सकाळी सुरू व्हायला ही बाई कुरकुरते. मग टायर. फोर-बाय-फोरला चारही टायर एका मापाचे लागतात, नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरं, आणि मधला गिअरबॉक्स फुकट मरतो, हे त्यांनी कितीतरी जणांना समजावलं असेल. मग चार चाकांचा छोटा दांडा ओढून, सोडून, पुन्हा ओढून बघायचा. मग उताणं होऊन गाडीखाली शिरायचं आणि पान्याने चेसिस ठोकत जायचं, पुढून मागे, वीतभर अंतर सोडून. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. सडलेलं ठस्स करतं, मग वरून कितीही काळा रंग फासा.

आणि सगळ्यात शेवटी चिखल. ही खास आमच्या झाडीपट्टीतली रीत. दुसरीकडे लोक गाडी डांबरी रस्त्यावर पळवून बघतात, आम्ही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरवून बघतो. धानाचा मुलूख, बांधीत गुडघाभर गाळ, त्यामुळे जे चिखलातून निघालं ते खरं, अशी इथल्या माणसाची जन्माची समजूत. बैल तसाच पारखायचा, ट्रॅक्टरही तसाच. मामांची समजूत वेगळी नव्हती, पण चिखल ते नेहमी शेवटी ठेवत. खाली शिरून ठोकून झाल्यावरच गाडी बांधीत घालायची, कारण एकदा गाळ चिकटला की लोखंड बोलत नाही. हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता.

दोन वर्षांपासून मामांच्या डोळ्यांवर साय धरत होती. आधी दिव्यांभोवती कडी दिसू लागली, मग पेपरातली अक्षरं गेली, मग बसवरची पाटी. मोतीबिंदू आहे हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. शिबिरं होतात, फुकटात काम होतं, मुर्रीतलेच चार-पाच जण करून आले होते आणि ठणठणीत होते. मामा गेले नाहीत. बायको चार वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं, आणि सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत त्यांच्याशी बोलणारं कोणी असेल तर ही गाडीवाली माणसंच. शिबिरात नाव लिहिलं की गावभर होणार. ज्याला दिसत नाही त्याला गाडी पाहायला कोण नेईल? आणि एकदा लोक दुसऱ्याकडे जायला लागले की परत येतात कुठे? या विचाराने मामांना खरोखर भीती वाटायची. मग त्यांनी हातांवर आणि कानांवर भागवायला सुरुवात केली. तशा पाच गाड्या त्यांनी निवडून दिल्या. पाचही चांगल्या निघाल्या, हेच वाईट झालं.

अश्विन राहायचा बोदलकशाच्या तळ्यापलीकडच्या एका गावात. तिथून आत जंगलात दोन-तीन टोले आहेत, वीस-तीस घरांचे. तिकडची माणसं तिरोड्याच्या बाजाराला, दवाखान्याला, तहसिलीला आणायची-न्यायची असं त्याचं काम. गाडी दुसऱ्याची, साधी, मागच्या दोन चाकांवर चालणारी. पाऊस लागला की मधल्या नाल्यावर ती हात टेकायची, आणि मग चार महिने टोल्यांतली बाळंतीण खाटेवर घालून आणावी लागायची. मागच्या वर्षी अशीच एक बाई वाटेत गेली. अश्विनने त्या खाटेचा एक पाय खांद्यावर धरला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, आपली स्वतःची फोर-बाय-फोर.

गाड्या पाहायला निघायच्या आदल्या दिवशी मामा बहिणीकडे मुक्कामाला आले. भागीरथा विधवा, घरात ती, अश्विन आणि सून अल्का. दुपारच्या चहाला सगळे ओसरीवर बसले.

“मामाजी, मले रंगाची गाडी नाही पायजे,” अश्विन म्हणाला. “रोज तिरोड्याले जाले परवडली पायजे, अन नाल्यात धोका नाही दिला पायजे. बस.”

“मंग दोन घे. एक रोजची, एक रानातली,” मामा म्हणाले.

“दोन कुठून घेऊ?”

“तेच त. एकीकडूनच दोन्ही कामं कराची, त पाहून घ्या लागते. डांबरावर चांगली पळते ते नाल्यात रडते, अन नाल्यातली वाघीण डांबरावर डिझेल पेते. मधातली शोधाची हाये आपल्याले.”

“तू हो म्हणशील तेच घेईल तो, भाऊ,” भागीरथा म्हणाली. “मी दुसऱ्या कोणाचं आयकून नाही घेत.”

मामा खूश झाले. त्यांनी चहा बशीत ओतला, थोडा सांडला. भागीरथाने न बोलता पदराने जमीन पुसून घेतली, आणि बोलणं पुढे चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी गोंदियात पाहिली. बॉनेट गरम, टायर दोन मापांचे. मामांनी पाचच मिनिटांत तिला रजा दिली आणि अश्विनचा ऊर अभिमानाने भरून आला.

दुसरी गाडी दवनीवाड्याला, श्यामलाल नावाच्या शेतकऱ्याकडे. या जीपला रूप म्हणून काही नव्हतं. ताडपत्री फाटलेली, एक दार तारेने बांधलेलं, हॉर्न वाजत नाही, सीटच्या जागी युरियाच्या पोत्याची घडी. रोवण्याचे दिवस होते, मागे पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या भरलेल्या. श्यामलालने त्या आधी उतरवून घेतल्या. मामा खाली शिरले. पान्याचा पहिला ठोका पडला तसा टण्ण आवाज आला, दुसरा तसाच, तिसरा तसाच, थेट मागच्या हुकापर्यंत. बाहेर बसून ऐकणाऱ्या अश्विनचं तोंड प्रत्येक ठोक्याला फुलत गेलं.

मग मामा ड्रायव्हरच्या जागी बसले आणि चार चाकांचा दांडा ओढायला त्यांनी हात घातला.

“तो हातब्रेक होय, भाऊ,” श्यामलाल म्हणाला. “दांडा इकडं हाये.”

मामांनी हात हलवला. श्यामलालने आरसीचं कार्ड दिलं, नंबर जुळवून बघायला. मामांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, मान हलवली. कार्ड उलटं होतं.

श्यामलाल हा काही वाईट माणूस नव्हे. मनात आलं ते जिभेवर, एवढंच. “डोळे दाखवले का कुठं?” त्याने विचारलं. “मोतीबिंदू दिसते तुमाले. माह्या बुढीले असाच होता. कायले लपवता? पंधरा दिवसांत मोकळे होता.”

अश्विन खाली बघू लागला. मामांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “चश्मा घरी राहिला,” ते म्हणाले, आणि कार्ड परत दिलं.

परतताना मोटारसायकलवर मागे बसून मामांनी खिशातला पाना दोनदा चाचपला. मग म्हणाले, “इंजिन थकलं हाये तिचं. धूर पाहाला नाही काय?”

“धूर त नाही दिसला, मामाजी.”

“तुले नाही दिसला.”

“चेसिस मस्त वाजून राहिली होती पण.”

“चेसिस का चाटाची हाये?”

अश्विन हसला आणि विषय संपला. खरं सांगायचं तर त्या जीपचं इंजिन थकलं नव्हतं. पण ती घेतली असती तर श्यामलालचं ते वाक्य तिच्यासोबत कायमचं घरी आलं असतं. एवढ्यासाठी मामांनी एक चांगली गाडी वाईट ठरवली. माणूस इतका लहान होऊ शकतो, आणि तोही भल्या पहाटेपासून भाच्यासाठी वणवण करणारा माणूस.

तिसरी गाडी दुर्गाप्रसादची. गोंदियाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला त्याचा जुन्या गाड्यांचा अड्डा, आणि मागे त्याच्याच साडूची बांधी. मामा उतरले तसा तो खुर्ची घेऊन धावत आला. “अरे, मामाजी खुद! हम क्या दिखाएँगे आपको? आप तो गाड़ी को हाथ लगा के जनमपत्री बता देते हैं.” श्यामलालच्या अंगणात जे सोललं गेलं होतं, त्याच्यावर हे लोणी बसलं. मामा ऐटीत बसले.

जीप पांढरी होती. बॉनेट थंड, टायर चारही एका मापाचे आणि नव्यासारखे. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. दांडा लोण्यासारखा सरकला. आतून फिनाईलचा भपकारा आला तेव्हा मामांनी मान वळवली.

“फिनाईल कायले?”

“धुलवाई है, मामाजी. आप आने वाले थे.”

फिनाईलने लोक संडास धुतात, जीप कोण धुतं? हा विचार मामांच्या मनात आला. पण तेवढ्यात दुर्गाप्रसाद म्हणाला, “पहले कीचड़ में देख लो. अभी-अभी ट्रैक्टर निकला है, पूरी गाद है.”

मामांचा क्रम त्याला ठाऊक होता की नाही, देव जाणे. मामांना तो नक्की ठाऊक होता. आधी खाली, मग चिखल. पण भोवती सात-आठ माणसं जमली होती. खाली शिरायचं, हाताने चाचपत बसायचं, आणि यांच्यातलाही कोणी त्या दवनीवाड्याच्या माणसासारखं बोलला तर? चिखलात तसं काही नव्हतं. तिथे स्टिअरिंग हातात आणि एकतीस वर्षं पाठीशी. मामा म्हणाले, “चाल, उतरवतो.”

आणि काय उतरवली! आठवलं की आजही तिथली माणसं सांगतात. गुडघाभर गाळात जीप पोटापर्यंत बुडाली, मामांनी दांडा ‘लो’मध्ये, सगळ्यात कमी गिअरवर टाकला, घाई नाही, रेस नाही, आणि ती गुरगुरत बांधीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, बंधारी चढली, वळून परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांच्या गालांवर चिखलाचे शिंतोडे होते आणि ते कित्येक महिन्यांत हसले नव्हते तसे हसत होते.

त्यानंतर ते खाली शिरले. पाना ठोकला. ठस्स. पुढे ठोकला, ठस्स. चेसिस सगळीकडून गाळाने लिंपलेली, ती दुसरं काय बोलणार?

“धुऊन पाहाचं का, मामाजी?” अश्विनने वाकून विचारलं. “पाईप हाये तिकडं.”

“चिखलातून निघाली ते पाहलं ना तू?”

“पाहलं.”

“मंग आणखी का पाहाचं हाये?”

अश्विनने पाईपकडे एकदा बघितलं. मग मामांना हात देऊन वर उठवलं. जीप घेतली.

पोळ्याला मामा बहिणीकडे गेले. जीप अंगणात होती. दीड महिन्यात तिने टोल्यांतल्या दोन बाळंतिणी वेळेवर पोचवल्या होत्या आणि एका साप चावलेल्या म्हाताऱ्याला वाचवलं होतं. अश्विनचं नाव निघालं की टोल्यातली माणसं हात जोडत. भागीरथा भावाला वाढताना म्हणाली, “तुह्या हातचं वाया नाही जात, भाऊ.”

जेवण झाल्यावर अल्का हसत म्हणाली, “मामाजी, एक गंमत पाहा. आमच्या गाडीले मांजरीनं दत्तक घेतलं. दिवसभर खालीच बसून राह्यते. वरतं तोंड करून लोखंड चाटते.”

मामांचा विडा तोंडातच थांबला. मांजर लोखंड चाटत नाही. मांजर चाटतं ते मासोळीचं पाणी. म्हणजे ही जीप तळ्यावरून मासोळी वाहत होती. मासोळीच्या पेट्यांत बर्फ असतो, बर्फात मीठ टाकतात, आणि ते खारट पाणी वर्षानुवर्षं चेसिसच्या पोटात ठिबकत राहतं. फिनाईल कशासाठी होतं ते मामांना अंगणात उभ्या उभ्या कळलं.

कळलं, आणि त्यांनी काय केलं? खरं तर तिथल्या तिथे चावी काढून घ्यायला हवी होती. पण मग सांगावं लागलं असतं की मी नीट पाहिली नाही. का नाही पाहिली, तेही सांगावं लागलं असतं, अल्कासमोर, भागीरथासमोर. त्यांनी मनाशी ठरवलं, धान कापून झालं की गाडी ओळखीच्या गॅरेजला नेऊ, सर्व्हिसिंगच्या नावाखाली, मिस्त्रीच खाली शिरेल, कोणाला काही सांगायला नको.

“बसू दे,” ते अल्काला म्हणाले. “उन्हाची सावली भेटते तिले.”

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

भादवा संपत आला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी अश्विन टोल्यातल्या पाच जणांना घेऊन निघाला. नाला आला तशी माणसं उतरली. ही तिकडची रीत. सवारी चालत पलीकडे जाते आणि गाडी रिकामी घातली जाते, ओझं कमी व्हावं म्हणून. त्या रीतीने पाच जीव वाचले. अश्विनने जीप पाण्यात घातली, दगडांवरून उड्या खात ती पलीकडे चढली. वर चढलं की लगेच डावीकडे वळण, आणि उजव्या अंगाला दोन पुरुष खोल दरड. जीप वळली नाही. सरळ गेली.

अश्विनला काढेपर्यंत तो गेलेला होता. एकतीस वर्षांचा. मामांची नोकरी जेवढी झाली तेवढंच त्याचं आयुष्य झालं.

त्या पाच जणांत सुशीलाबाई होत्या. त्यांनी जे पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, घरच्यांना सांगितलं, विचारील त्याला सांगितलं: “गाडी सरळच गेली, बाई. त्यानं वळवलीच नाही.” त्या बिचारीने यात एक शब्दही आपल्या पदरचा घातला नव्हता. घातला तो बाकीच्यांनी. वळण रोजचं, माणूस रोजचा, मग वळवली काऊन नाही? झोप लागली असेल. सकाळी कसली झोप? मग पेला असेल. तिसऱ्या दिवशी असेल हा शब्द गळून पडला. अश्विनने पेली होती. अल्का पाणी आणायला हँडपंपावर गेली तेव्हा बायका बोलता बोलता गप्प झाल्या, आणि घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली ती उठेना. अश्विनने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, म्हणून पोरं त्याची नक्कल करायची.

चौथ्या दिवशी मामा एकटेच त्या जीपकडे गेले. ट्रॅक्टरने ओढून तिला गावाबाहेर चिंचेखाली आणून टाकली होती. मामा पुढच्या चाकाजवळ बसले आणि हात आत घातला. स्टिअरिंगचा डबा जिथे चेसिसला कसलेला असतो तिथे बोटं गेली. डबा लोंबकळत होता. त्याचे चारही बोल्ट जागेवर होते, नीट कसलेले, आणि बोल्टांसोबत चेसिसचा पत्राही निघून आला होता, ओल्या पापडासारखा. म्हणजे पोराने स्टिअरिंग वळवलं होतं. जीव खाऊन वळवलं असेल. चाकांपर्यंत ते पोचलंच नाही. मामांनी चिरेत नख घातलं तसं लोखंडाऐवजी भुसभुशीत पुट्टी हाताला लागली, वरून काळा रंग दिलेली. त्यांनी बोटं नाकाशी नेली. वास मासोळीचा होता.

चिखलाच्या आधी पान्याचा एक ठोका इथे पडला असता तर पुट्टी ठस्स वाजली असती. मामा चिंचेखाली बसून रडले, तोंडाने आवाज न करता, दुपार कलेपर्यंत.

तिथून उठून घरी जाऊन सांगायला हवं होतं. ते सांगू शकले नाहीत. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. लोक भेटायला येत, मामांच्या पाठीवर हात ठेवत आणि म्हणत, “तुमी त चांगली गाडी पाहून देली होती, मामा. चालवणाऱ्याचं का करता?” आणि मामा मान खाली घालून ऐकून घेत. त्यांच्या गप्प बसण्याने मेलेल्या पोराला रोज पुन्हा दारू पाजली जात होती, हे त्यांना समजत होतं.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. अंगणात मांडव, पांढऱ्या कापडावर दोन तसबिरी आणि बाजूला अश्विनचा लग्नातला फोटो. गाव आलं होतं, टोले आले होते, सुशीलाबाईही मागे बसल्या होत्या. बौद्धाचार्य केशोरावांनी त्रिशरण घेतलं, मग पंचशील सांगायला सुरुवात केली. सगळे हात जोडून मागे म्हणत होते. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. मामांचा आवाज थांबला. पाचवं आलं, दारूचं. तेव्हा मांडवात कोणीतरी खाकरलं, आणि दोन-तीन माना अश्विनच्या फोटोकडे वळल्या. अल्काने पदर तोंडावर ओढला.

मामा उठून उभे राहिले.

“पोरानं पेली नव्हती,” ते म्हणाले. केशोराव थांबले. “गाडी सडकी होती. तिची चेसिस तुटली, म्हणून नाही वळली. ते गाडी मी पसंत केली.” त्यांनी श्वास घेतला. “मले दिसत नाही. दोन वर्सांपासून दिसत नाही. मी कोणाले सांगतलं नाही. खाली पाहाचं ते मी पाहलंच नाही. पोळ्याले मले समजलं होतं का गाडीत खोट हाये, तरी मी गप राहिलो.”

सुशीलाबाई एकदम हुंदका देऊन रडायला लागल्या. अल्काने पदर बाजूला केला आणि मामांकडे बघत राहिली. ती कशी बघत होती ते मामांना दिसलं नाही. मग ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

भोजनदान उरकलं, माणसं पांगली. जाताना कोणी मामांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते ओसरीच्या टोकाला बसून होते. निघावं तर बस कोणती ते वाचता येत नव्हतं, आणि थांबावं असं तोंड उरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने भागीरथा येऊन त्यांच्याजवळ बसली. मामांना वाटलं, आता ही मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मले माहीत होतं, भाऊ,” ती म्हणाली.

मामांना आधी कळलं नाही.

“तुले दिसत नाही ते. त्या दिवशी तू च्या बशीच्या बाहेर ओतला. मी पदरानं पुसला ना?” तिचा आवाज अगदी सपाट होता. “अश्विनलेबी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मले म्हणाला, माय, मामाजीले दिसत नाही वाटते, दुसरा कोणी मिस्त्री संगं घेऊ का. मी म्हटलं, नोको. त्याले एवढाच मान उरला हाये. वाईट वाटन त्याले. तू फक्त संगं राह्य, अन बोलू नोको.”

घराच्या आतून अल्काच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि दोघं भाऊबहीण तो ऐकत बसले.

मामांना दुर्गाप्रसादच्या बांधीतला तो चिखल आठवला, आणि वाकून विचारणारा अश्विन. धुऊन पाहाचं का, मामाजी, पाईप हाये तिकडं. पोराला सगळं माहीत होतं. आईचा शब्द मोडायचा नाही आणि मामाचा मानही मोडायचा नाही, यातून त्याला जेवढं बोलता येत होतं तेवढं तो बोलला होता. आणि त्याने आणखी एकदा म्हटलं असतं, तरी मामांनी ऐकलं नसतं.